डोंगरावरचे खुंट आणि कार्बनची उचल

पाटोदा तालुक्यात बालाघाटच्या कुशीत आमचं गाव आहे. पाव्हणेरावळे आले की समोरच्या डोंगराकडं बघून हमखास म्हणतात, ‘सगळं बोडकं झालंय, इथं झाडं लावली पाहिजेत.’ मी त्यांना चढावर घेऊन जाते. गुडघ्याएवढी, उशीसारखी गच्च झुडपं दिसतात ना, ती झुडपं नाहीत. बुडाशी मुरूम खरवडला की मांडीएवढा जुना खुंट लागतो. हा धावडा आहे. दरवर्षी कुऱ्हाड आणि शेळीचे दात सोसून तो पुन्हा फुटतो. त्याच्या मुळ्या पाषाणाच्या भेगांत कधीच्या उतरलेल्या असतात. अशा झाडाला खड्डाही नको अन् टँकरचं पाणीही नको. त्याला फक्त राखण पाहिजे.

हे आत्ताच लिहायचं कारण असं, की आमच्या खोऱ्यात कार्बन क्रेडिटचं बोलणं सुरू झालंय. एका कंपनीची माणसं येऊन गेली. डोंगरउताराची खाजगी जमीन, म्हणजे सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीला न येणारी) म्हणून पडलेली, चाळीस वर्षांच्या करारानं घ्यायची, तिच्यावर झाडं वाढवायची, त्यांनी शोषलेल्या कार्बनचे क्रेडिट, म्हणजे तेवढा कार्बन हवेतून काढल्याचे दाखले, विकायचे आणि शेतकऱ्याला वाटा द्यायचा. सुरुवातीच्या खर्चासाठी थोडे पैसे आगाऊ. हे ऐकल्याबरोबर मागं बसलेले एक आबा म्हणाले, “म्हंजी उचलच की. फिटली न्हाई तर?”

आमच्या भागात उचल काय असते हे कुणाला सांगावं लागत नाही. दसरा-दिवाळी झाली की निम्मं गाव कोयता घेऊन पश्चिम महाराष्ट्रात, कर्नाटकात ऊस तोडायला जातं. मुकादमाची उचल आधी घरात येते आणि अख्खा हंगाम ती फेडण्यात जातो. आबांनी बरोबर जागेवर बोट ठेवलं होतं. कार्बनचा आगाऊ पैसासुद्धा पुढं वाढणाऱ्या झाडांवरच दिलेला असतो. मधेच वणवा लागला किंवा दुष्काळात झाडं वाळली, तर तो कुणी भरायचा? हे क्रेडिट तपासून नोंदवणाऱ्या मोठ्या संस्थांचा नियम आहे की प्रत्येक प्रकल्पाच्या क्रेडिटमधला काही हिस्सा राखीव साठ्यात ठेवायचा आणि अशी हानी झाली की ती त्यातून भरून काढायची. नियम चांगला आहे. पण ती संस्था आणि कंपनी यांच्यातली गोष्ट झाली. शेतकऱ्याच्या करारात ‘नैसर्गिक आपत्तीत वसुली नाही’ हे वेगळं लिहून घेतल्याशिवाय सही करू नये, असं मी घरोघर सांगत फिरते आहे.

हिशोबही सगळ्यांना कळायला हवा. एक क्रेडिट म्हणजे एक टन कार्बन डायऑक्साइड. पूर्ण वाळवून शंभर किलो भरेल असं झाड धरा. त्यात साधारण निम्मा, पन्नास किलो कार्बन. कार्बनवरून कार्बन डायऑक्साइड काढायला त्याला ३.६७ नं गुणलं की झाले १८३ किलो. म्हणजे अशी पाच-सहा झाडं मिळून एक क्रेडिट. मुळ्यांचं वजन वेगळं धरतात, तेवढी भर पडते. पण साडेसहाशे मिलिमीटरच्या आसपास सरासरी पाऊस असलेल्या बीड जिल्ह्यात, त्यातही मुरमाड उतारावर, धावडा, सालई, खैर, हिवर सावकाशच वाढतात. पहिली पडताळणी होऊन पैसे हातात पडायला काही वर्षं जाणार. घाई करणारा माणूस मग गिरिपुष्प आणि सुबाभूळ आणतो. कंपनीच्या रोपांच्या यादीत तीच वर होती. गिरिपुष्पाला शेळी सहसा तोंड लावत नाही, ते भराभर वाढतं, फोटोत हिरवं दिसतं. पण त्याखाली ना गवत नीट येतं, ना पाखरांना काही मिळतं. अशा डोंगराला मी जंगल म्हणणार नाही.

कार्बन मोजायची पद्धत बदलून मागता येते, हे मला वाचून कळलं. ‘व्हेरा’ या क्रेडिट नोंदवणाऱ्या संस्थेनं २०२३ मध्ये व्हीएम ००४७ ही वनीकरणाची पद्धत आणली. तिच्यात दोन वाटा आहेत. एकीत लावलेली झाडं मोजायची. दुसरीत अख्खं क्षेत्र धरायचं आणि तशाच पण न राखलेल्या जमिनीशी त्याची तुलना करायची. आपलं काम नसतं तर ही वाढ झाली नसती, हे दाखवावं लागतं. आमच्या खुंटांना दुसरी वाट सोयीची आहे. कुंपणाच्या आत आणि बाहेर उभं राहिलं की कुणालाही फरक दिसतो.

आमच्या वाट्याचा एक तुकडा आम्ही घरच्यांनी राखला आहे, म्हणून हे बोलते. एका खुंटाला दहा-पंधरा फुटवे येतात. हिवाळ्यात त्यातले सरळ, जोमदार दोन-तीन ठेवायचे, बाकी तिरका काप देऊन काढायचे. काप खुंटाला लागून हवा, साल सोलायला नको. ठेवलेला फुटवा मग वर सरकतो आणि शेंड्यानं शेळीच्या तोंडाच्या वर गेला की निम्मी काळजी मिटते. पुढं मोजायचं म्हणजे १.३७ मीटरची खुणेची काठी खोडाला लावायची, तिथं गेरूचा पट्टा ओढायचा आणि टेपनं घेर घ्यायचा. एकाच खुंटाचे तीन फुटवे असतील तर तिन्हींचा वेगवेगळा. उताराला नेहमी वरच्या अंगाला उभं राहून घ्यायचा, नाहीतर दोन माणसांची दोन मापं येतात. आमच्या पोरी हे उत्तम करतात. बाहेरून माणसं आणायची काही गरज नाही.

अवघड काम शेळीचं आहे. ऊसतोडीला गेलेल्या लेकांची पोरं सांभाळत गावात राहिलेल्या म्हाताऱ्या बायांचा सगळा आधार चार-पाच शेळ्यांवर. एक मावशी मला म्हणाल्या, “बाई, डोंगर बंद केलास तर नातवाच्या दवाखान्याला म्या काय इकू?” त्यांच्यापुढं चराईबंदीचा ठराव नुसता वाचून दाखवणं मला जमणार नाही. म्हणून माझं मागणं असं: एका वेळी निम्माच उतार बंद ठेवा, उरलेला मोकळा. बंद भागातलं गवत कापून न्यायची मुभा द्या. आगाऊ पैशातून पहिल्यांदा रोपं घेऊ नका, राखणदारांचे बारमाही पगार काढा, आणि राखणदार शेळीवाल्या घरातलेच घ्या. उन्हाळ्याआधी वणवा अडवायच्या जाळरेषा काढण्याची मजुरीही त्यांनाच.

वरचं पठार मात्र या योजनेत घेऊच नये. तिथं कुसळी-पवन्याचं गवत आहे, हरणं आहेत, माळटिटव्या आहेत. ते माळरानच आहे, झाडांचं रान कधी नव्हतंच. टनांच्या मोहापायी तिथं खड्डे पाडले तर मी आडवी येईन. आणि गायरानही सोडा. मराठवाड्यात गायरानावर भूमिहीन, विशेषतः दलित कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या पोट भरत आलीत, त्यासाठी मोठे लढे झालेत. तिथल्या हक्कांचा निकाल लागल्याशिवाय कार्बनचा कागद पुढं सरकवणं म्हणजे त्यांना हुसकून लावण्याची सोय करणं आहे.

आता वेळ थोडा आहे. करार मराठीत हवा, तो ग्रामसभेत मोठ्यानं वाचला जावा, आणि ही सभा ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत व्हावी. एकेका सातबाऱ्यावर दहा-बारा नावं आहेत, त्यांत लग्न होऊन गेलेल्या लेकींचीही. निम्मे खातेदार उसाच्या फडात असताना झालेल्या सह्या मला चालणार नाहीत, हे मी सरपंचांना कळवलंय. तुमच्या गावात असा करार आला असेल आणि त्यात वसुलीबद्दल काय लिहिलंय हे तुम्ही वाचलं असेल, तर ते कलम मला पाठवा. सभेपुढं ठेवायचंय.