हारा गा... हेत्ता! गोरो-सानच्या मागे मागे वसाबी-भातापर्यंत

आधीच सांगून टाकतो, दहा दिवस जपानला जाऊन आलो आणि क्योटो बघितलं नाही. आईला हे अजून पटलेलं नाहीये. "मग केलंस काय तिकडे?" तर एका सिरियलमधला माणूस जिथे जिथे जेवला तिथे जाऊन जेवायचा प्रयत्न केला. हे सांगितलं की समोरच्याचा चेहरा बघण्यासारखा होतो.

सिरियलचं नाव 'कोदोकु नो गुरुमे', मराठीत साधारण 'एकटा खवय्या' म्हणा. मूळची मांगा, म्हणजे जपानी चित्रकथा, नव्वदच्या दशकातली, कुसुमी मासायुकींनी लिहिलेली आणि तानिगुची जिरोंनी चितारलेली. टीव्हीवर आली जानेवारी २०१२ मध्ये, तीही रात्री उशिरा, म्हंजे लोकांच्या घरात जेवणं होऊन ओटा पुसून झालेला असतो तेव्हा, शुद्ध छळ आहे हा. गोष्ट विचाराल तर नाहीच. इनोगाशिरा गोरो नावाचा एक माणूस, परदेशातून फर्निचर, शोभेच्या वस्तू वगैरे आणून विकायचा एकट्याचा धंदा, लग्न नाही, सूट-टाय घालून गिऱ्हाइकाकडे जातो, काम उरकून बाहेर पडतो आणि भर रस्त्यात एकदम थांबतो. "हारा गा... हेत्ता." म्हणजे भूक लागली. कॅमेरा तीन झटक्यांत मागे मागे जातो, रस्त्यात हा एवढासा दिसतो. मग हॉटेल शोधतो, खातो, जातो. संपलं. ना खून ना सासू. मात्सुशिगे युताका हा नट चांगला १८८ सेंटिमीटर उंच, आधी याकुझाबिकुझाच्या, म्हणजे तिकडच्या गुंडांच्या, भूमिका केलेला, तसा चेहरा, आणि हा माणूस भाजलेल्या मिरचीचा घास घेऊन मनातल्या मनात बोलत बसतो. सगळे महत्त्वाचे संवाद मनातच. २०१७ पासून तिथे ३१ डिसेंबरच्या रात्री याचा स्पेशल भाग लागतो आणि २०२५ मध्ये तर सिनेमा पण आला, मात्सुशिगेंनी स्वतःच दिग्दर्शित केलेला.

मी हे बघायला लागलो ते पुण्यात जपानीच्या क्लासला जात होतो म्हणून, ऐकायची प्रॅक्टिस. तिथे सेन्सेईंनी, म्हणजे आमच्या सरांनी, पहिल्याच महिन्यात बजावलं होतं की "हारा गा हेत्ता" बाहेर म्हणायचं नाही, ते पुरुषी, जरा रांगडं आहे, सभ्य माणसाने "ओनाका गा सुकिमाशिता" म्हणावं. "हारा गा हेत्ता"चं शब्दशः पोट 'कमी झालं' असं काहीतरी होतं. आपल्याकडे पोटात कावळे ओरडतात, यांचं पोटच घटतं. तर सेन्सेईंचं ऐकलं असतं तर पुढचा एक प्रसंग टळला असता, पण तो नंतर.

प्रत्येक भागाच्या सुरुवातीला एक निवेदन असतं. भावार्थ असा, की वेळेची आणि समाजाची पर्वा न करता माणूस आनंदाने पोट भरत असतो तेव्हा तेवढ्यापुरता तो आपल्या मनाचा राजा होतो. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा हसलो होतो. भुकेला एवढं तत्त्वज्ञान! पण मग लक्षात आलं की मी आयुष्यात कधी एकट्याने, निवांत, स्वतःसाठी म्हणून हॉटेलात जेवलेलो नाही. एकटा जेवलोय खूपदा, पण ते उरकणं, मोबाईल बघत. आपल्याकडे एकटा माणूस हॉटेलात शिरला की वेटर आधी मागे बघतो, अजून कोण येतंय का. खरं तर गिरगावातल्या खानावळी एकट्या राहणाऱ्या चाकरमान्यांवरच चालायच्या की, गोरो तिथे मस्त रमला असता.

असो. मित्राकडे उतरलो होतो, निशी-कासाईला. तोक्योतल्या भारतीयांचा अड्डा आहे तो, मित्र आठ वर्षं तिथे, वहिनींच्या फळीवर गोडा मसाला सुद्धा आहे. आणि नशीब बघा, सिरियलचा अगदी पहिला भाग ज्या मोनझेन-नाकाचोत घडतो ते त्याच तोझाई लाइनवर चौथं स्टेशन! मी तर आल्या दिवशीच संध्याकाळी निघालो.

मोनझेन म्हणजे देवळाच्या दारासमोरचं. देऊळ आहे फुकागावा फुदो-दो. फुदो म्हणजे न हलणारा, आपला संस्कृत 'अचल', हातात तलवार, मागे ज्वाळा. इथे रोज 'गोमा' होतो, आणि गोमा म्हणजे आपला होमच, शब्द भारतातून चीनमार्गे चालत चालत तिथे पोचला. आत गेलो तर मोठमोठे ढोल घुमतायत, समोर अग्नी, पुजारी समिधा टाकतोय, लोक आपापल्या पर्सा त्या धगीवर धरून घेतायत. त्या ढोलांनी छातीत धडधडतं अक्षरशः. बाहेर २०११ साली बांधलेल्या नव्या इमारतीच्या भिंतीवर फुदोचा मंत्र, सिद्धम् लिपीत, वरपासून खालपर्यंत नुसती अक्षरंच अक्षरं. देवनागरीची चुलत बहीण म्हणावी अशी लिपी, वाचता येईल येईल वाटतं आणि येत नाही. मी बराच वेळ तिथे मान वर करून उभा होतो, शेजारचे आजोबा पण माझ्याकडे बघून वर बघायला लागले.

आता मुख्य काम. पहिल्या भागात गोरो तिथल्या एका छोट्या याकितोरीच्या दुकानात शिरतो. याकितोरी म्हणजे कोळशावर भाजलेल्या चिकनच्या काड्या, आणि असली दुकानं दारू प्यायची असतात. पण गोरो दारू पीत नाही! मला हे फार आवडतं, खवय्या नंबर एक आणि दारूचा थेंब चालत नाही, उलोंग चहा मागवतो. (भागाच्या शेवटी लेखक कुसुमी स्वतः त्या खऱ्या दुकानात जाऊन जेवतात आणि तिथे बिअरला काहीतरी भलतंच निरागस नाव देऊन पितात, सगळी कसर भरून काढतात.) तर गोरो तिथे त्सुकुने, म्हणजे चिकन खिम्याचा गोळा, कच्च्या ढोबळी मिरचीच्या अर्ध्या वाटीत कोंबून खातो. गरम गोळा, गार मिरची, कचकन. आणि वर याकिमेशी, परतलेला भात. हे दुकान खरंखुरं आहे. सिरियलमधली दुकानं खरी असतात, हीच तर गंमत आहे.

कंदील पेटलेला दिसला, नोरेन, म्हणजे दारावरचा कापडी पडदा, लावलेला म्हणजे दुकान चालू, दाराच्या फटीतून आतला धूर आणि हसण्याचे आवाज. आणि मी बाहेर. आत सगळे एकमेकांना ओळखणारे, एक खुर्ची रिकामी दिसत होती मधोमध. आत गेल्यावर आधी ड्रिंक सांगावं लागतं, मग न मागता 'ओतोशी' नावाची एक वाटी समोर येते जिचे पैसे लागतात, हे सगळं मला पाठ होतं, वाक्यं तयार होती, एक बोट वर करून "हितोरी देसु", एकटा आहे. पण ते एक बोट काही वर होईना. नोरेनच्या आत हात घातला आणि परत काढला, तीनदा. चौथ्यांदा आतून एक माणूस बाहेर आला, मी त्याला वाकून नमस्कार केला आणि निघून गेलो. साडेसहा हजार किलोमीटर येऊन!

मग गल्लीत पुढे एक जागा होती तिथे फुकागावा-मेशी खाल्लं, कारण दारातच फोटोसकट मेनू होता आणि आत गर्दी नव्हती. आसारी, म्हणजे आपल्या तिसऱ्याच, कांद्याच्या पातीबरोबर मिसोत, म्हणजे आंबवलेल्या सोयाबीनच्या लगद्यात, शिजवून भातावर ओतलेल्या. जुन्या काळी हा भाग समुद्राला लागून होता, कोळ्यांचं घाईतलं जेवण ते. मी मालवणकडचा, त्यामुळे तिसऱ्यांबद्दल माझी मतं आहेत, खोबरं नाही म्हणजे अर्धं काम राहिलं असं माझं मत, पण रस्सा चांगला होता. पण खाताना मोबाईल बघितला. उरकलंच.

घरी आल्यावर मित्र म्हणाला, "अरे आठ वर्षांत मी पण नाही गेलो कुठे एकटा. ऑफिसचे बरोबर असले तर जातो." वहिनी म्हणाल्या, "तुम्ही दोघंही असेच."

दोन दिवसांनी कावाझू. सिरियलच्या तिसऱ्या सिझनमध्ये, २०१३ चा तो, गोरो इझू द्वीपकल्पात कावाझूला जाऊन वसाबी-भात खातो. वसाबी म्हणजे नाकात झणका मारणारा हिरवा कंद. हा भाग मी किती वेळा बघितलाय सांगत नाही. तोक्योहून 'ओदोरिको' ट्रेन, अडीच-पावणेतीन तास, डावीकडे बसा म्हणजे आतामीनंतर समुद्र. ओदोरिको म्हणजे नाचणारी मुलगी, इथल्या घाटावर घडणाऱ्या १९२६ च्या एका प्रसिद्ध कथेतली, तिचं नाव गाडीला दिलंय आणि तिचा पुतळा पुढे धबधब्यापाशी आहे. कावाझू खरं प्रसिद्ध फेब्रुवारीत, लवकर फुलणाऱ्या साकुरासाठी, म्हणजे चेरीच्या फुलांसाठी. मी गेलो नोव्हेंबरात, झाडांना फूल नाही पण रस्त्यावर माणूस पण नाही.

स्टेशनवरून बस, साधारण पंचवीस मिनिटं, कावाझू-नानादारू. नानादारू म्हणजे सात धबधबे, इथल्या बोलीत धबधब्याला 'तारू' म्हणतात. बसमधून उतरलात की डोक्यावर तो पूल, दोन वेढे घेत ४५ मीटर चढणारा गोल गोल रस्ता. १९७८ च्या भूकंपात दरडी कोसळून जुना रस्ता गेला, म्हणून १९८१ मध्ये हे बांधलं. आपल्या घाटात असं केलं असतं तर खाली वडापावच्या चार गाड्या लागल्या असत्या.

आता तो प्रसंग. बसथांब्यावर एक आजी, पाठीला पिशवी. त्या काहीतरी थंडीबद्दल बोलल्या, मला उत्तर द्यायचं होतं, आणि तोंडातून एकदम गोरोच्या आवाजात, "हारा गा हेत्ता." आजी दोन सेकंद गप्प. मग अशा हसल्या की त्यांना पिशवी खाली ठेवावी लागली. "टीव्ही?" म्हणाल्या. मी म्हटलं हो. त्यांनी हाताने रस्ता दाखवला, कुठे ते विचारलंच नाही.

आणि या दुकानात मी सरळ आत गेलो. बोट वर केलं. हितोरी देसु. का जमलं माहीत नाही, आजींनी आधीच हसून घेतलं होतं म्हणून असेल.

समोर काय येतं, तर गरम भाताचा वाडगा, त्यावर कात्सुओबुशीचे, म्हणजे धुरावून दगडासारख्या वाळवलेल्या माशाचे, हलणारे पापुद्रे, आणि बाजूला आख्खा वसाबीचा कंद, छोटी किसणी. किसायचं तुम्हीच. देठाच्या बाजूने सुरुवात, आणि घाई नाही, जपानी 'नो' अक्षर गिरवल्यासारखं गोल गोल. मी सुरू केलं आणि हात आपोआप ओळखीच्या चालीत गेला. हे किसणं नाहीच हो, हे उगाळणं! सहाणेवर चंदन, जायफळ, बाळगुटीतलं वेखंड, अगदी तोच हात. मावशी कानात ऐकू आली, "जोर नको लावू, फिरव नुसतं."

मग तो हिरवा लगदा भाताच्या मधोमध, सोय सॉस कडेकडेने, त्याच्यावर नाही. आणि घास. आधी गोड लागतं. खरंच, गोडसर, कोवळं. मग नाकात सट्टकन झणका, डोळ्यांत पाणी, आणि दोन सेकंदांत साफ, काही झालंच नाही असं. आणि मला कळलं की हा झणका मी ओळखतो. फेसलेली मोहरी! लोणच्याच्या दिवसांत मोहरी फेसताना घरभर जे नाकात जायचं ते हेच. नंतर वाचलं तर रसायन पण तेच निघालं, कंद किसला किंवा मोहरी वाटली की आतली पेशी फुटून ते तयार होतं आणि हवेत उडून जातं, म्हणून वसाबी आयत्या वेळी उगाळायचा. आपण ट्यूबमधून पिळतो तो बहुतेक वेळा वसाबी नसतोच, हॉर्सरॅडिश आणि हिरवा रंग असतो. ठेच्याने जीभ तासभर जळते, हा बिचारा पाहुण्यासारखा येऊन जातो.

मोबाईल खिशातच राहिला. कळलंच नाही.

या डोंगरात वसाबी आला त्याची गोष्ट पण छान आहे. १७४४ मध्ये इथला इतागाकी कानशिरो नावाचा माणूस उतोगी गावी शिताके मशरूम लावायला शिकवायला गेला. वसाबीची लागवड मूळ त्या गावची. त्याने येताना तिथून रोपं आणली. मशरूम दिलं, वसाबी आणला. दगडांच्या पायऱ्या-पायऱ्यांच्या शेतातून सतत वाहतं गार पाणी सोडतात, त्यात हा वाढतो, आणि २०१८ मध्ये शिझुओकाच्या या शेतीला जागतिक कृषी वारशाचा दर्जा मिळाला. मी धबधब्यांच्या वाटेवर अशी शेतं बघितली, भातखाचरासारखीच दिसतात, फक्त चिखलाच्या जागी गोटे. सात धबधबे मात्र पूर्ण केले नाहीत, चारवर थांबलो, वसाबी आइस्क्रीम खाल्लं, ते ठीक.

वाडगा संपल्यावर "गोचिसोसामा" म्हणालो. यातल्या 'चिसो'चा मूळ अर्थ धावाधाव, तुमच्या जेवणासाठी कोणीतरी पळापळ केली त्याचे आभार. उरलेला कंद त्यांनी पिशवीत घालून दिला.

तो घेऊन रात्री निशी-कासाईला. वहिनींनी वरण-भात केला होता, मी मोठ्या उत्साहाने सगळ्यांच्या ताटात उगाळून घातला आणि पार फसलं, उकळत्या वरणात झणका गेला उडून, राहिला नुसता हिरवा डाग. मित्राने तर "ही कोथिंबीर आहे का?" विचारलं. मग वहिनींनी गार दहीभात पुढे केला. त्याच्यावर मात्र असा बसला की तिघंही नाक धरून. मित्र म्हणाला बरंय, पण काही एवढं नाही, आणि झोपायला गेला.

रात्री दीड वाजता पाणी प्यायला उठलो तर स्वयंपाकघरात दिवा. हा ओट्याशी पाठमोरा उभा, समोर दहीभाताचा वाडगा, आणि हळूहळू, गोल गोल, वसाबी उगाळतोय. मी पाणी न पिताच परत जाऊन झोपलो.