पहिल्या सत्राची पोरं

आमच्या व्हॉट्सॲप ग्रुपचं नाव आधी 'दहावी बॅच २००१' होतं. लॉकडाऊन लागला त्याच आठवड्यात निघाला होता, आमचा जुना मॉनिटर आता शिक्षक आहे, त्यानेच काढला, आणि सगळ्या ग्रुपचं होतं तेच झालं, पहिले चार दिवस रात्री दोनपर्यंत कोणी झोपेना. गणिताचे सर, छडी, गॅदरिंग, कोणाच्या सायकलची चेन कोणी पाडली, सगळं निघालं. मुली हळूहळू आल्या कारण त्यांचे नंबर मिळवायलाच वेळ लागला, सगळ्यांची आडनावं बदललेली, दोघीतिघींची तर नावंही सासरी बदललेली, त्यामुळे डीपी बघून ओळखायचं आणि माहेरचं नाव विचारून खात्री करायची. शाळेत मुलामुलींनी एकमेकांशी बोलायची पद्धतच नव्हती आमच्याकडे. वीस वर्षांनी पहिल्यांदा बोललो आम्ही, तेही सुरवातीला 'भाऊ' आणि 'ताई' करत.

आमचं गाव बीड जिल्ह्यात, बालाघाटाच्या डोंगरात, पाटोद्याच्या बाजूला. सातवीपर्यंत गावातच जिल्हा परिषदेची शाळा, आठवीपासून शेजारच्या मोठ्या गावात हायस्कूलला चालत. आता जे या भागातले आहेत त्यांना पुढचं सांगायची गरज नाही, पण बाकीच्यांसाठी सांगतो. आमच्याकडे दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव ऊस तोडायला जातं. सांगली, कोल्हापूर, सातारा, तिकडे कर्नाटकात बेळगावकडे. मुकादम, म्हणजे मजूर नेणारा, आधीच उचल, म्हणजे आगाऊ पैसे, देऊन बसलेला असतो, ती फेडायला मार्च-एप्रिलपर्यंत कारखान्यावर राहायचं. उचल एकेका माणसावर नाही, जोडीवर ठरते, नवरा-बायको मिळून एक कोयता, एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता. रात्री गावात ट्रक यायचा, त्यात पीठ, भांडी, कोंबड्या, शेळ्या, गोधड्या आणि वर पोरं. सकाळी शाळेत गेलं की वर्ग निम्मा रिकामा.

म्हणजे शाळा जूनमध्ये भरायची तेव्हा दाटीवाटीने बसायचो, आणि दुसऱ्या सत्रात गुरुजी दोन वर्ग एकत्र बसवायचे तरी जागा उरायची. माझे आईवडीलही जायचे. मी राहिलो कारण घरी आजी होती. हे मी मुद्दाम लिहितोय. ग्रुपवर आम्ही सगळ्यांनी एकदा आपापलं सांगितलं, की बाबा तू कसा काय दहावीपर्यंत पोचलास, तर ज्यांचे आईवडील तोडीला जायचे त्यातला जवळपास प्रत्येकजण म्हणाला आजी होती, नाहीतर आजोबा, एकाची आत्या परत आलेली होती माहेरी. हुशारीचा संबंध फार कमी. आमच्या वर्गात माझ्यापेक्षा कितीतरी हुशार पोरं होती आणि ती ट्रकमध्ये बसून गेली, कारण त्यांच्या घरी चूल पेटवून ठेवणारं म्हातारं माणूस नव्हतं. एवढं साधं कारण आहे ते.

तर दहावीची बॅच म्हणून जी आम्ही म्हणत होतो ती खरं तर उरलेली पोरं होती. पहिलीत जेवढी नावं होती त्यातली बरीचशी सहावी-सातवीतच गळाली, मुली तर जास्तच. पोरगी मोठी झाली की गावात एकटी ठेवत नाहीत, सोबत नेतात, तिकडे ती धाकट्या भावंडाला सांभाळते, पाणी भरते, आणि मग लवकर लग्न, कारण लग्न झालं की पोराचा अर्धा कोयता पूर्ण होतो. आमच्या वर्गातल्या एकीचं लग्न झालं तेव्हा ती सातवीत होती. आम्ही जेवायला गेलो होतो लग्नाला.

एप्रिल २०२० मध्ये हे सगळं एकदम समोर आलं. कारखान्यांवरचे तोड कामगार लॉकडाऊनमुळे जागीच अडकले होते, फडातच कोप्या, म्हणजे झोपड्या, करून बसलेले. सरकारने मग त्यांना तपासणी करून गावी यायची परवानगी दिली तेव्हा गावातून याद्या झाल्या, कोण कुठल्या कारखान्यावर, सोबत किती माणसं. ती यादी कोणीतरी आपल्या ग्रुपवर टाकली, की बघा कोणाची काही मदत होते का. आणि पाचच मिनिटात एकीचा मेसेज, अरे ही तर आपल्या वर्गातली नावं आहेत. मी परत वाचली. खरंच होती. एकाखाली एक अशी नावं की मला हजेरीचा आवाज ऐकू आला, आमचे गुरुजी ज्या चालीत नाव घ्यायचे त्याच चालीत.

तिथून नंबर मिळत गेले. जिओ आल्यापासून स्मार्टफोन तोड कामगारांच्या टोळीतही पोचलाय, एका घरात एक तरी असतोच, बहुतेक पोराच्या हातात. एकेकाला ॲड केलं. पहिल्यांदा कोणी काही बोलेना. आम्ही 'वेलकम' आणि हार-गुच्छाचे फोटो टाकतोय आणि पलीकडून शांतता. मग लक्षात आलं की टाईप करायची सवय नाही त्यांना, सुटलीय. तेव्हा आमच्यातल्या एकाने, तो एसटीत कंडक्टर आहे, सरळ व्हॉईस मेसेज टाकला, "काय रं, कुठं हाईस? वळखलं का?" आणि मग जी सुरवात झाली! आता आमचा ग्रुप निम्म्याहून जास्त आवाजाचाच आहे. मागे ट्रॅक्टर चालू असतो, कोणाचं लेकरू रडत असतं, ऊस तोडल्याचा सपासप आवाज, आणि मधे आमच्या शाळेच्या गोष्टी.

आणि या लोकांच्या आठवणी आमच्यापेक्षा पक्क्या आहेत. हे मला सगळ्यात जास्त सांगायचंय. आम्ही दहावीवाले सगळं एकमेकात मिसळून बसलोय, आठवीतलं नववीत, नववीतलं कॉलेजात. त्यांची शाळा थोडी होती म्हणून त्यांनी ती जपून ठेवलीय. एकाला आमच्या चौथीच्या वर्गाच्या भिंतीवरचे सगळे तक्ते आठवतात, कुठल्या भिंतीला महाराष्ट्राचा नकाशा आणि कुठल्या कोपऱ्यात तो फाटलेला. एकीने, तीच जिचं सातवीत लग्न झालं, बालभारतीच्या पुस्तकातल्या कविता एकामागून एक म्हणून दाखवल्या, चालीसकट, एका दमात. आम्ही थक्क. मॉनिटरने तिला पुढची कविता म्हणायला सांगितली तर ती म्हणाली, "ती न्हाई येत. दिवाळीपर्यंतचं समदं पाठ हाय, त्याच्या पुढलं पुस्तक वाचलंच न्हाई कधी."

दरवर्षी असंच. जूनमध्ये नवं पुस्तक मिळायचं, त्याचा वास घ्यायचा, पहिल्या पानावरची प्रतिज्ञा, मग पहिले दहा-बारा धडे, आणि दिवाळीला पुस्तक मिटलं ते मिटलं. पहिलीपासून सातवीपर्यंतच्या प्रत्येक पुस्तकाचा मागचा अर्धा भाग त्यांना माहीतच नाही. गणितात अपूर्णांक अर्धे, इतिहासात महाराज आग्र्याला गेले आणि परत कसे आले ते वर्गात ऐकलंच नाही. इंग्रजी आम्हाला पाचवीपासून होतं, म्हणजे एबीसीडी आली आणि वाक्यं सुरू व्हायच्या आत ट्रक आला.

तांदळाची गोष्ट पण त्यांच्याकडूनच कळली, म्हणजे मला माहीत होती पण त्यांच्या बाजूने नव्हती माहीत. १९९५ च्या १५ ऑगस्टला ती केंद्राची पोषण आहाराची योजना सुरू झाली, पहिली ते पाचवीला महिन्याला तीन किलो तांदूळ, शिजवलेलं नव्हे, कोरडा. अट होती ८० टक्के हजेरीची. आम्ही तेव्हा पाचवीत. मी पिशवी घेऊन जायचो आणि आजी खूश व्हायची. आता तोडीला गेलेल्याची हजेरी कुठून भरणार? ज्या घराला तांदळाची सगळ्यात जास्त गरज त्यांचंच नाव कापलं जायचं. एकजण सांगत होता की त्याने वडलांना म्हणून बघितलं होतं, मला ठेवा, मी तांदळावर राहतो, तीन किलो पुरतात मला. पाचवीतलं पोरगं हे. मला तो मेसेज ऐकून रात्रभर झोप लागली नाही.

आता हंगामी वसतिगृहं आहेत, संत भगवानबाबांच्या नावाने सरकारी वसतिगृहं पण सुरू केलीत ऊसतोड कामगारांच्या मुलांसाठी, चांगलंच आहे, जास्त व्हायला पाहिजेत आणि मुलींची आधी व्हायला पाहिजेत असं माझं स्पष्ट मत आहे. आमच्या वेळी आमच्या गावात यातलं काही नव्हतं. आजी हेच वसतिगृह.

मागच्या हंगामात मॉनिटरने एक काम केलं. जुनी पुस्तकं बालभारतीच्या वेबसाईटवर पीडीएफमध्ये मिळतात, त्यातून त्याने आमच्या वेळची काढली आणि दुसऱ्या सत्रातला एक धडा व्हॉईस मेसेजमध्ये वाचून टाकला, अगदी वर्गात वाचतात तसा, स्वाध्यायासकट. दुसऱ्या दिवशी फर्माईश आली, पुढचा टाक. मग आम्ही वाटून घेतले. मी पिंपरीत कंपनीच्या बसमध्ये बसून वाचतो, बाजूचे बघतात, बघू देत. कोपीवर जेवणं झाली की ऐकतात म्हणे सगळे, टोळीतली बाकीची माणसंही येऊन बसतात, लेकरंही. आणि ऐकून झालं की त्यावर चर्चा असते ती आमच्या शाळेत कधी झाली नसेल अशी. एका धड्यात शेतकऱ्याचं वर्णन होतं, त्यावर तिकडून उत्तर आलं की हे लिहिणाऱ्याने कधी मोळी उचललेली दिसत नाही. पटलं मला.

कोणी असा ग्रुप काढत असेल तर एक सांगतो, दहावीच्या फोटोवरून काढू नका. शाळेत जनरल रजिस्टर असतं, त्यात पहिलीला नाव घातलेल्या प्रत्येकाची नोंद असते आणि शाळा कधी सोडली तेही. आमच्या एका मैत्रिणीला स्वतःचा शाळा सोडल्याचा दाखला लागत होता, तो आणायला कंडक्टर मित्र गेला, रजिस्टर उघडलं, आणि तिथे आमचा पूर्ण वर्ग होता. यादीत पण न आलेली नावं सापडली. दोघं तर आता नाहीत, एकजण ट्रॅक्टर उलटून गेला, एक आजाराने. त्यांच्या घरी जाऊन आलो आम्ही काहीजण.

ग्रुपचं नाव आता 'पहिलीचा वर्ग' आहे. भेटायचं ठरतंय. आधी दिवाळीच्या सुट्टीत म्हणत होते नोकरीवाले, पण तेव्हा तर गाड्या भरतात, म्हणून अक्षय तृतीयेनंतर, मे मध्ये, टोळ्या सगळ्या परत आल्यावर. ज्यांना रजा काढावी लागेल त्यांनी काढायची. शाळेच्याच आवारात, लिंबाखाली. बायकांनी एकच अट घातलीय, त्या दिवशी स्वयंपाक पुरुषांनी करायचा, त्या हात लावणार नाहीत. मान्य झालंय, भाकऱ्या कोण थापणार एवढंच बाकी आहे.