चारचौघांतले बोलणे

आज सकाळी सांगलीच्या मार्केट यार्डात एका वयस्कर हमालमामांच्या पाठीवरून हळदीचे पोते निसटले, शिवण उसवली आणि हळकुंडे ओल्या फरशीवर पसरली, तेव्हा माझ्या तोंडून जे शब्द गेले ते इथे लिहिण्याजोगे नाहीत. मामा काही बोलले नाहीत. खाली बसून एकेक हळकुंड धोतराला पुसत गोळा करत राहिले. आणि मी मात्र रविवारी मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, शास्त्रपाठ वाचणारा!

संध्याकाळच्या कौटुंबिक प्रार्थनेत नेमका बायबलमधल्या इफिसकरांस पत्राचा ४ था अध्याय निघाला. २९ व्या वचनात पत्रलेखक प्रेषित पौलाने वाईट भाषणासाठी योजलेला मूळ ग्रीक शब्द, ‘साप्रोस’, शुभवर्तमानांत, म्हणजे येशूच्या चरित्रग्रंथांत, नासक्या झाडासाठी आणि फेकून द्यायच्या मासळीसाठीही येतो. म्हणजे प्रश्न केवळ शिवीचा नाही, ऐकणाऱ्याला नासवणाऱ्या प्रत्येक बोलण्याचा आहे. बोलण्यातून ऐकणाऱ्यांना कृपा लाभावी, ही त्याच वचनातली अपेक्षा मला अधिक अवघड वाटते, कारण गप्प बसणे एकवेळ जमते.

उद्या यार्डात जाऊन ‘मामा, माझे चुकले’ एवढेच म्हणणार आहे, तेही चारचौघांत, कारण बोललो होतो चारचौघांतच.