पावशेर तूप

वारीत चांदोबाच्या लिंबाजवळ उभं रिंगण झालं. माऊलींचा अश्व दोन रांगांमधून दौडत गेला आणि त्याच्या टापांखालची माती कपाळाला लावायला सगळे एकदम वाकले. मीही वाकले. त्या रेटारेटीत कधीतरी माझी गोमुखी पडली. तरडगावच्या तळावर राहुटीत पिशवी उपसली तेव्हा कळलं. टॉवेल आहे, बॅटरी आहे, गुडघ्याचं मलम आहे, गोमुखी नाही.

शेजारच्या मावशी पोटऱ्यांना तेल चोळत बसल्या होत्या. "काय हुडकतीयास गं?"

"जपाची पिशवी."

"पैसं हुतं त्यात?"

"नाही. स्फटिकाची माळ."

"मग गावंल की," म्हणाल्या आणि दुसरा पाय पुढे घेतला.

मला मात्र रडू फुटायच्या बेतात होतं. ती माळ मी अडीच वर्षं कुणाला दाखवली नव्हती. आणि इतक्या तुळशीच्या माळांमध्ये आपण देवीची माळ लपवून चालतोय, हेही कुणाला सांगितलं नव्हतं. तुकोबांनी शाक्तांना, म्हणजे देवीच्या उपासकांना, काय शब्दांत झोडपलंय ते गाथा उघडणाऱ्या कुणालाही माहीत असतं.

मी कोल्हापूरची. अंबाबाईच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर वाढले. आजी रोज दिवेलागणीला ललितासहस्रनाम म्हणायची. अर्थ विचारला की म्हणायची, आधी पाठ कर, अर्थ मागनं येतोय. ती गेली तेव्हा मला पाठ होतं, अर्थ आला नव्हता. मग पुस्तकं आणली. त्यातून सहस्रनामावरचं भास्कररायांचं भाष्य कळलं, आणि एवढा मोठा पंडितही दीक्षेसाठी सुरतेला शिवदत्त शुक्लांच्या पायाशी जाऊन बसला होता, हेही कळलं. तिथे माझ्या डोक्यात किडा शिरला. श्रीविद्येत, म्हणजे ललितेच्या उपासनेत, आधी बाला, मग पंधरा अक्षरांची पंचदशी, मग षोडशी, असा मंत्रांचा चढता क्रम. प्रत्येक पायरी गुरूच्या तोंडून. छापलेला मंत्र वाचून घोकला तर ती नुसती अक्षरं, जीव नसलेली. म्हणजे आता गुरू हवा.

गुरू मिळायला फार वेळ लागला नाही, हीच तर गंमत. पुण्यातल्या एका उपनगरात, तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये, पहिले भेटले. दाराबाहेर चपलांचा ढीग, आत एसी. माझ्याकडे पाच मिनिटं बघून म्हणाले, तुम्ही मागच्या जन्मीच्या साधक आहात, तुम्हाला बालेची गरजच नाही, थेट षोडशी देतो. दक्षिणा 51 हजार. मी बँकेत काम करते. कागद न बघता कर्ज मंजूर करणारा माणूस भेटला की आमच्या पोटात गोळा येतो. तसाच आला. उठले.

दुसऱ्या गुरूंनी मात्र मला गुंडाळलं. व्हिडिओ कॉलवर सामूहिक बालादीक्षा, 2,100 रुपये, माळ आणि गोमुखी कुरिअरने घरपोच. मंत्र षट्कर्णी झाला, म्हणजे सहा कानांनी ऐकला, की फुटतो असं आपल्याकडे म्हणतात. त्या कॉलवर 212 जण होते. आकडा कोपऱ्यात दिसत होता. मंत्र सांगायच्या ऐन क्षणी कुणाचातरी माइक चालू राहिला आणि पाठीमागून कुकरची शिट्टी झाली. तीन अक्षरं, मधलं शिट्टीत गेलं. गुरुजींनी पुन्हा सांगितलं नाही. नंतर मेसेज केला तर एका मुलाने ते टाइप करून पाठवलं, पुढे हात जोडलेले दोन इमोजी. म्हणजे शेवटी मंत्र वाचूनच घेतला.

तरी जप केला. बालेचं पुरश्चरण, म्हणजे ठरल्या संख्येचा जप, तीन लाखांचं, मग त्याच्या दशांश हवन, त्याच्या दशांश तर्पण, अशी उतरती बेरीज. वहीत रेघा ओढून 1 लाख 80 हजारांपर्यंत गेले. अनुभव म्हणाल तर झोप चांगली लागायची. शंका विचारायला मेसेज केला की पुढच्या दीक्षेचे दर यायचे.

कुलार्णव तंत्रात शिव देवीला सांगतो की शिष्याचं वित्त हरण करणारे गुरू पुष्कळ आहेत, शिष्याचा संताप हरण करणारा दुर्मीळ. आपण ज्याला आधुनिक बाजार म्हणतो तो ग्रंथ लिहिणाऱ्याने तेव्हाच पाहिलेला दिसतो. खरे उपासक आजही आहेत, याबद्दल मला शंका नाही. ते पाटी लावत नाहीत एवढंच, आणि माझ्यासारखी घाई झालेली माणसं पाटी बघूनच आत शिरतात.

वारीला मी श्रद्धेने आले असंही नाही. बँकेतल्या एका मैत्रिणीने दिंडीची भिशी, म्हणजे जेवणाखाण्याची वर्गणी, भरली होती, ऐनवेळी तिचं पाऊल मुरगळलं, पैसे वाया जाऊ नयेत म्हणून तिच्या जागी मी. पुणे ते सासवड हा सगळ्यात लांबचा टप्पा, वर दिवेघाट, आणि त्या दिवशी नेमकी एकादशी. घाटाच्या तिसऱ्या वळणावर शेंगदाणा लाडू हातात घेऊन मी रस्त्याच्या कडेला बसले आणि परतीची बस कुठून मिळेल ते विचारलं. मावशी म्हणाल्या, "खाली जायाला बी चालायचंच हाय, वर जायाला बी." गेले वर.

तर तरडगावची समाजआरती. पालखी तळावर आली, सगळ्या दिंड्या भोवतीने उभ्या राहिल्या, टाळांचा नुसता कल्लोळ. चोपदारांनी चोप उंच केला आणि एका क्षणात सगळं शांत. एका दिंडीचे टाळ मात्र चालूच होते. मला वाटलं, त्यांना दिसलं नसेल. मावशींनी कानात सांगितलं की त्यांची काहीतरी तक्रार आहे, म्हणून वाजवतायत. चोपदार तिकडे गेले, विचारपूस झाली, टाळ थांबले. तक्रार करायची इतकी सुरेल पद्धत मी आमच्या खात्यात कधी पाहिली नाही. मग हरवलं-सापडलं सुरू झालं. चष्मा, मोबाइल, एक आजोबा, पिशवी. आणि मग माइकवरून, "एक लाल गोमुखी सापडली आहे, आत पांढऱ्या मण्यांची माळ आहे, ज्या माऊलींची असेल त्यांनी घेऊन जावी."

चारशे कान झाले होतेच. आता सबंध तळ. मी जागची हलले नाही. मावशींनी ढकललं तेव्हा गेले.

रात्री हरिपाठ झाल्यावर आमच्या दिंडीचे विणेकरी बाबा जवळ आले. वीणा तेव्हा दुसऱ्याच्या गळ्यात होती. देताना देणारा घेणाऱ्याच्या पाया पडतो आणि घेणारा देणाऱ्याच्या, ते बघून बघून माझी सवय झाली होती. बाबा पूर्वी एसटीत कंडक्टर होते, कराडकडचे. वय सत्तरीच्या पुढे.

"काय जपता माऊली?"

"ते... सांगायचं नसतं."

"मग नका सांगू," ते हसले. "गुरू कोण?"

तेही सांगता येईना, पण लाजेने. शेवटी सगळंच सांगितलं. कुकरची शिट्टीसुद्धा. मला वाटलं होतं, देवीचा मंत्र म्हटल्यावर तोंड वाकडं करतील. ते म्हणाले, आपण कुणाच्या पालखीपुढे चालतोय? आदिनाथ, मत्स्येंद्र, गोरक्ष, गहिनी, निवृत्ती, मग माऊली. बोटांवर मोजून दाखवलं. मग ज्ञानेश्वरीच्या अठराव्या अध्यायातली ओवी म्हटली, बस भरधाव असताना तिकीट फाडावं तशी सहज:

क्षीरसिंधु परिसरीं । शक्तीच्या कर्णकुहरीं । नेणों कैं श्रीत्रिपुरारीं । सांगितलें जें ॥

शंकराने शक्तीच्या कानात सांगितलं. क्षीरसागराकाठी, एकांतात. आणि ते पाण्यातल्या माशाच्या पोटातून मत्स्येंद्रनाथांनी ऐकलं. "तुमचं ते षट्कर्णी काय म्हणता ते," बाबा म्हणाले, "इथं पहिल्याच दिवशी झालं. शंकराचे दोन, पार्वतीचे दोन, आणि माशातल्याचे दोन. म्हणून तर आपल्यापर्यंत आलं."

ज्या मत्स्येंद्रांना काश्मीरच्या अभिनवगुप्तांनी आपल्या तंत्रालोक ग्रंथाच्या आरंभी वंदन केलंय, तेच हे. मी पुस्तकांत दोन वर्षं वाचत होते ते नाव रोज सकाळी आमच्या ट्रकमागे चालणाऱ्या माणसाला बोटांवर होतं.

हरिपाठात एक चरण येतो, "तपेंविण दैवत दिधल्याविण प्राप्त । गुजेविण हित कोण सांगे". इतके दिवस मी तो टाळाच्या ठेक्यात म्हणत होते आणि ऐकत नव्हते. त्या रात्री ऐकला. गूज सांगणारा हवाच, हे इथेही नाकारलेलं नाही. आणि दिल्याशिवाय मिळत नाही, हेही. फक्त काय द्यायचं?

नातेपुत्यापर्यंत माझं ठरलं होतं. बाबांना म्हटलं, मला माळ घाला. तुळशीची.

"मटण खाता?"

कोल्हापूरच्या माणसाला हा प्रश्न म्हणजे श्वास घेता का असं विचारण्यासारखं आहे. रविवारचा तांबडा-पांढरा आमच्याकडे नित्यकर्मात मोडतो. म्हटलं, सोडेन.

"सोडा की. मग बोलू." मग अटी सांगितल्या, सात-बारा वाचून दाखवावा तशा. मांस-मद्य बंद, एकादशी धरायची, रोज हरिपाठ, वर्षाची एक वारी. वर्षाच्या चोवीस एकादश्या ओळीने धरा, मग या. "माळ मी घालीन, पण गुरू मी न्हाई. गुरू माऊली. मी आपला गळ्यात घालणारा."

"आणि दक्षिणा?"

"तुकोबांकडं काय मागितलं होतं बाबाजींनी?"

मला आठवेना. त्यांनीच अभंग सांगितला. गंगास्नानाला जाताना वाटेत स्वप्नात गुरू भेटले, मस्तकावर हात ठेवला, भोजनाला पावशेर तूप मागितलं, आणि तुकोबांना स्वप्नात त्याचा विसर पडला. मंत्र मिळाला, रामकृष्णहरि. माघ शुद्ध दशमी, गुरुवार. तूप राहिलं ते राहिलंच. "परी नाहीं घडली सेवा कांहीं" ही चुटपुट त्याच अभंगात आहे.

51 हजार आणि पावशेर तूप. मी आडवी पडून बराच वेळ ताडपत्रीकडे बघत होते. पुढे तुकोबांनीही असंच स्वप्नात जाऊन संत बहिणाबाईंना मंत्र दिला, आणि त्या तेव्हा होत्या कुठे? कोल्हापुरात. माझ्या गावात. त्यांच्याकडे तर काही मागितल्याचंही ऐकलेलं नाही.

खरं सांगायचं तर मला बाबांचा रागही आला होता. इतक्या चालण्यानंतर एवढं तरी द्यायला काय हरकत होती? माळशिरस, वेळापूर, दोन दिवस मी त्यांच्याशी धड बोलले नाही. मग लक्षात आलं की आजवर भेटलेल्यांत "थांब" म्हणणारा हा पहिलाच. जुन्या तंत्रग्रंथांत गुरूने शिष्याला वर्षभर पारखावं असं सांगितलंय, ते मी स्वतः पेन्सिलीने अधोरेखित केलेलं आहे. वाखरीला त्यांच्या पाया पडले, तर ते आधीच वाकले होते. डोकी आपटली.

पंढरपुरात दर्शनाची रांग माझ्याने झाली नाही. कळसाला हात जोडले, चंद्रभागेत पाय बुडवले, मावशींबरोबर चुरमुरे घेतले आणि रात्रीची बस पकडली. स्फटिकाची माळ आजीच्या फोटोजवळ ठेवलीय. जप बंद केला, पण ती तीन अक्षरं काही जात नाहीत, भांडी घासताना येतात. मधलं अक्षर शिट्टीसकट.

कामिका एकादशीपासून मोजायला लागले. पाच झाल्या. सहावी पाशांकुशा, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नवरात्र सुटलेलं, भावाच्या घरी पातेलं चुलीवर, वहिनीने ताट वाढून पुढे ठेवलं. एकादशी आहे हे मला माहीत होतं. विसरले असं सांगून सुटता आलं असतं, पण बाबांना फोन लावला तेव्हा खरंच बोलले.

"चांगलं झालतं का?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"मटण."

"हो."

"बरं. आता रमा एकादशीपासनं परत एक."

परवा कामदा झाली, ती बारावी. हिशेब मांडून बघितला. येत्या आषाढीला अठराच भरतात, त्यामुळे या वारीलाही मी बिनमाळेचीच चालणार. चोविसावी येते ती पुन्हा पाशांकुशा. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी, भावाच्या घरी.