मंडळीचं मिशन स्टेटमेंट लिहायला बसलो तो रविवार

मी वर्धा नदीच्या पट्ट्यातल्या एका लहान मंडळीचा, म्हणजे चर्चच्या लोकांचा, पाळक (पास्टर). चर्च सीएनआयचं, म्हणजे चर्च ऑफ नॉर्थ इंडियाचं, माणसं बहुतेक कापूस-सोयाबीनवाली नाहीतर मजुरीवाली, त्यामुळे वेचणीच्या दिवसांत उपासनेला अर्धे बाक रिकामे असतात. म्हणून मिशन स्टेटमेंटची, म्हणजे आपली मंडळी कशासाठी आहे ते एका वाक्यात ठरवायची, ही बैठक मुद्दाम मे महिन्यात ठेवली, उपासना झाल्या झाल्या तिथंच.

तरुण संघाच्या पोरांनी कच्चा मसुदा आणला होता. बायबलातल्या मत्तय 28 मधली, सगळ्या राष्ट्रांतल्या लोकांना शिष्य करा ही येशूची आज्ञा होती, आणि सीएनआयचे एकता, साक्ष, सेवा हे तीन शब्दही होते. आमच्या वडीलधाऱ्यांना त्या शब्दांचं फार आहे, कारण 29 नोव्हेंबर 1970 ला सहा चर्चेस एक होऊन सीएनआय झालं ते नागपूरलाच, आणि त्याच्या गोष्टी त्यांनी घरात ऐकल्यात. मसुदा चांगला होता, पोरांनी मनापासून लिहिला होता, सगळे हो हो म्हणत होते.

तेवढ्यात मागच्या बाकावरून एक ताई उठली. तिच्या नवऱ्याने कर्जापायी जीव दिला होता. ती एरवी बोलत नाही. म्हणाली, "पास्टर, सेवा लिवली ते बरं हाय. पण माती द्याले सारी मंडळी आली होती, पेरणीच्या वक्ती मी एकलीच होती."

कोणीच काही बोललं नाही. मला याकोबाच्या पत्राचा दुसरा अध्याय आठवला, उघड्या-उपाशी भावाला नुसतं "सुखाने जा" म्हणण्याबद्दलचा, तो मी तिथंच वाचला, प्रवचन मात्र केलं नाही, कारण ती जे बोलली त्यात सगळं आलं होतं.

मग खरं काम सुरू झालं. महिला मंडळातल्या एका आजीने थेट विचारलं, काहून बाप्पा, कापणीच्या सणाला धान्य-कोंबड्यांचा लिलाव होते, तो पैसा कुठं जाते? खजिनदारांनी वही उघडली, रंगरंगोटी, माईक, मंडप. त्यावर बराच वाद झाला, आवाजही चढले, पण मला तो वाद पाहिजे होता, कारण ज्या वाक्याला मंडळीचा पैसा आणि वेळ लागत नाही ते भिंतीवर लावून काय करायचं.

शेवटी वाक्य ठरलं ते असं: "आम्ही येशूच्या मागे चालणारी मंडळी, गावाला त्याची सुवार्ता सांगू आणि दुःखात पडलेल्या घराला पुढच्या पेरणीपर्यंत एकटं सोडणार नाही."

एका पोराने शंका काढली की पेरणी वगैरे शब्द चर्चच्या कागदावर शोभतात का. वडीलधाऱ्यांनीच त्याला गप्प केलं.

लिलावातला अर्धा पैसा अशा घरांसाठी वेगळा ठेवायचं ठरलं. तो जूनमधे देऊ असं खजिनदार म्हणाले, तर तीच ताई परत बोलली, "मृगाच्या आधी हाती पायजे, पाऊस पडल्यावर सावकाराकडंच जा लागते." वहीत मे अखेर असं लिहिलं, आणि त्या पैशावर देखरेखीला तिचंच नाव घातलं.