तुम्ही विचारलंत म्हणून: पोट्ट्याला घेऊन कॅरिबियन क्रूझ

"आमचं पोट्टं मार्चमध्ये दोन वर्षांचं होते. त्याच्या आधी कॅरिबियन क्रूझ उरकून घ्यावी म्हणतो, तेवढंच विमानाचं तिकीट वाचेल. बरोबर ना?"

नागपुरात क्रूझबद्दल कोणी बोलायला बसलं, की थोड्याफार फरकाने हाच प्रश्न येतो. उत्तर सरळ देतो: चूक. विमानात वाचलेले पैसे जहाजावर वाया जातात.

आधी विमानाचं बघू. दोन वर्षांखालच्या मुलाला परदेशी विमानात मांडीवर बसवलं, तर मोठ्या माणसाच्या भाड्याच्या साधारण दहा टक्के लागतात. पण ही सवलत परतीच्या दिवसापर्यंत वय दोनच्या आत असेल तरच. वाढदिवस मधेच आला तर परतीला पूर्ण सीट घ्यावी लागते. शिवाय पावणेदोन वर्षांचं मूल विमानातल्या पाळण्यात मावत नाही, त्याची मर्यादा बहुतेक ठिकाणी दहा-अकरा किलोची. दोहा ते मायामी हा एकच टप्पा सुमारे सोळा तासांचा आहे. सोळा तास अकरा किलो मांडीवर. करा हिशेब.

आता जहाज. अमेरिकेच्या बंदरांतून सुटणाऱ्या प्रवासी जहाजांना तिथल्या सीडीसी या सरकारी आरोग्य संस्थेचे स्वच्छतेचे नियम लागू असतात. त्यामुळे डायपर लागणाऱ्या मुलाला पोहण्याच्या तलावात किंवा गरम पाण्याच्या टबात सोडत नाहीत. स्विम डायपर चढवलं तरी नाही. काही मोठ्या जहाजांवर लहानग्यांसाठी वेगळा कारंज्यांचा कोपरा असतो, रॉयल कॅरिबियनच्या आणि डिस्नेच्या काही जहाजांवर तो आहे, पण सगळ्या नाही. बुकिंगच्या आधी जहाजाच्या नावानिशी विचारा, कंपनीच्या नावानिशी नको. एकाच कंपनीच्या दोन जहाजांत जमीन-अस्मानाचा फरक असतो.

तलावासारखंच खेळघराचं. जहाजावर मुलांना तासन् तास सांभाळणारं, भाड्यातच धरलेलं खेळघर हे क्रूझचं खरं सुख. रॉयल कॅरिबियन आणि डिस्नेकडे ते तीन वर्षं पूर्ण झालेल्या, डायपर सुटलेल्या मुलांसाठी आहे. कार्निव्हलकडे दोनपासून घेतात आणि डायपरही चालतं. तीनहून लहान मुलांसाठी पहिल्या दोन कंपन्यांकडे पाळणाघर आहे, पण ते तासावर पैसे घेतं आणि जागा थोड्या. सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला तर बहुतेक कंपन्या जहाजावर घेतच नाहीत. सलग तीन किंवा अधिक दिवस समुद्रातच असलेल्या फेऱ्यांना ही अट सहसा एक वर्षाची होते.

म्हणून माझं मत: तीन वर्षं पूर्ण, डायपर सुटून दोन-तीन महिने झालेले, तेव्हा निघा. त्याआधी निघायचंच असेल तर तीन-चार रात्रींची बहामाची छोटी फेरी बघा.

आता तारीख. अटलांटिकचा चक्रीवादळांचा मोसम १ जून ते ३० नोव्हेंबर, जोर ऑगस्टच्या मध्यापासून ऑक्टोबरपर्यंत. म्हणजे आपली दिवाळीची सुट्टी नेमकी त्यात सापडते. तेव्हा भाडं स्वस्त दिसतं ते उगाच नाही. २८ ऑक्टोबर २०२५ ला मेलिसा वादळ जमैकावर आदळलं ते सर्वात वरच्या, पाचव्या श्रेणीचं होतं. आणि 'जुलैत काही होत नाही' म्हणणाऱ्यांसाठी: २०२४ मध्ये बेरिल वादळाने १ जुलैलाच ग्रेनाडाच्या कॅरियाकू बेटाची वाट लावली. जहाज स्वतः वादळात शिरत नाही, ते बाजूने काढतात. पण तुम्ही ज्या बेटासाठी पैसे भरले ते गळतं आणि बदल्यात दुसरं बंदर किंवा एक जास्तीचा समुद्रातला दिवस मिळतो. तक्रारीला जागा नसते, करारातच तसं लिहिलेलं असतं. परत मिळतं ते फार तर त्या बंदराचं शुल्क.

विदर्भातल्या शाळा उन्हामुळे उर्वरित महाराष्ट्रापेक्षा उशिरा, जूनच्या शेवटाकडे उघडतात. ही आपली सोय. एप्रिलचा दुसरा पंधरवडा ते मे अखेर हा काळ मला सगळ्यात बरा वाटतो: अमेरिकेतल्या वसंत सुट्ट्यांची गर्दी ओसरलेली, वादळं अजून लांब. हवा तीसच्या आसपास, पण दमट. नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत वाढलेलं पोट्टं तिथे ऊन मानत नाही आणि तिथेच फसगत होते. घाम वाळत नाही, पाण्यावरून ऊन उलटं अंगावर येतं, आणि दुपारपर्यंत खांदे लाल.

सनस्क्रीन झिंक ऑक्साइडचं घ्या. सेंट थॉमस ज्या अमेरिकन व्हर्जिन बेटांत येतं, तिथे ऑक्सिबेन्झोन असलेली सनस्क्रीन प्रवाळांच्या रक्षणासाठी २०२० पासून बंद आहेत. आणि कपडे भरताना लष्करी ठिपक्यांची हिरवी-खाकी चड्डी, टोपी काढून ठेवा. आपल्या बर्डीच्या बाजारात ती मुलांसाठी ढिगाने मिळते, पण जमैका, बार्बाडोस, सेंट लुशिया, ग्रेनाडा यांसारख्या बेटांवर तसे कपडे सैन्याखेरीज कोणी घालणं कायद्याने मना आहे. तीन वर्षांच्या पोरालाही.

कागदपत्रांत पहिला व्हिसा, बाकी सगळं नंतर. बहुतेक फेऱ्या फ्लोरिडातल्या मायामी, फोर्ट लॉडरडेल किंवा पोर्ट कॅनाव्हेरलहून सुटतात आणि तिथेच परततात. त्यामुळे अमेरिकेचा बी-१/बी-२, म्हणजे पर्यटनाचा व्हिसा घरातल्या प्रत्येकाला लागतो, बाळालाही. फी प्रत्येकी १८५ डॉलर, फॉर्म डीएस-१६० प्रत्येकाचा वेगळा. नागपूरचं काम मुंबईच्या वाणिज्य दूतावासाकडे. फोटो-ठसे एका भेटीत, मुलाखत दुसऱ्या, तेव्हा विदर्भ एक्सप्रेसचं परतीचं तिकीट दोन्ही भेटी धरून काढा. पूर्वी चौदा वर्षांखालच्या मुलांना मुलाखतीतून सूट मिळायची. २०२५ मध्ये ती सवलत जवळपास काढून घेतली, त्यामुळे जुन्या अनुभवावर विसंबून पोराला आजीकडे ठेवून जाऊ नका. त्याचा पासपोर्ट अजून काढायचा असेल, तर आई-वडील दोघांच्या सहीचं परिशिष्ट 'ड' लागतं. फक्त एकच पालक सोबत जाणार असेल, तर दुसऱ्याचं नोटरी केलेलं संमतिपत्र घ्या.

व्हिसा हातात येईपर्यंत परत न मिळणारी अनामत भरू नका. पूर्ण पैसे साधारण तीन महिने आधी भरायचे असतात, त्यानंतर रद्द केलं की कापाकापी सुरू.

बेटांच्या व्हिशाचं थोडक्यात: वैध अमेरिकन व्हिसा असेल तर मेक्सिकोत, म्हणजे कोझुमेलला, वेगळा लागत नाही. बाकीची बेटं एकेक करून कंपनीकडून लेखी विचारून घ्या.

एक गोष्ट इथले पुष्कळ एजंटही सांगत नाहीत. दक्षिण कॅरिबियनच्या काही फेऱ्या कोलंबियातल्या कार्ताहेनाला, पनामाला किंवा त्रिनिदादला थांबतात. हे देश भारताच्या पीतज्वराच्या (यलो फीवरच्या) यादीत आहेत. तिथून निघाल्यापासून सहा दिवसांत भारतात उतरलात आणि लशीचं प्रमाणपत्र नसेल, तर सहा दिवसांपर्यंत विलगीकरणात ठेवतात. सूट फक्त सहा महिन्यांखालच्या बाळांना. लस मात्र नऊ महिन्यांनंतरच देतात आणि प्रमाणपत्र दहा दिवसांनी लागू होतं. मूल लहान असेल तर या फेरीच्या वाटेलाच जाऊ नये, हे उत्तम.

मग कुठली फेरी? पाळणागाडी डोळ्यापुढे ठेवून नकाशा बघा. ग्रँड केमनला मोठ्या जहाजांसाठी धक्का नाही. जहाज दूर उभं राहतं आणि छोट्या होड्यांतून लोक नेतात. रांग, हलती होडी, एका हातात पोर, दुसऱ्यात घडी केलेली गाडी, आणि परतताना उन्हात पुन्हा तेच. याउलट रॉयल कॅरिबियनच्या कोकोके बेटावर किंवा डिस्नेच्या कास्टअवे केवर जहाज थेट धक्क्याला लागतं. दुपारी झोपेची वेळ झाली की चालत खोलीवर परत. लहान मुलासाठी अशी एक-दोन बेटं असलेली फेरी चार प्रसिद्ध बंदरांच्या फेरीपेक्षा कितीतरी सुखाची.

आणि घड्याळ. फ्लोरिडात मार्च ते नोव्हेंबर घड्याळ तासभर पुढे असतं, तर जमैका, केमन आणि कोझुमेलला ते वर्षभर हलवतच नाहीत. जहाज बहुधा फ्लोरिडाच्या वेळेवर चालतं. जहाजावर परतायची वेळ साडेचारची असेल, तेव्हा किनाऱ्यावरच्या दुकानातलं घड्याळ साडेतीन दाखवतं. मोबाइल आपोआप बेटाची वेळ पकडतो आणि माणूस निवांत नारळपाणी पीत बसतो. जहाज थांबत नाही. साधं हाताचं घड्याळ घ्या, जहाजाच्या वेळेला लावा, आणि मोबाइल समुद्रात विमान-मोडवरच ठेवा, नाहीतर जहाजाच्या रोमिंगचं बिल वेगळं.

भारतातून पोचायचं ते किमान दोन दिवस आधी. मे महिन्यात फ्लोरिडा आपल्यापेक्षा साडेनऊ तास मागे असतं, त्यामुळे मूल रात्री दोनला टक्क जागं आणि दुपारी चारला गाढ झोपलेलं. जहाजात चढायची वेळ दुपारचीच. विमानतळावरून बंदराला जाताना सीटचा प्रश्न येतो: फ्लोरिडात तीन वर्षांपर्यंतच्या मुलाला गाडीत वेगळी कार सीट सक्तीची आहे. मायामी आणि फोर्ट लॉडरडेलला विमानतळ-बंदर अंतर किरकोळ आहे. ओरलँडो विमानतळ ते पोर्ट कॅनाव्हेरल मात्र सुमारे सत्तर किलोमीटर.

खोली जहाजाच्या मध्यभागी, खालच्या मजल्यावर घ्या, तिथे हेलकावा कमी लागतो. ज्या पोराला चिखलदऱ्याच्या घाटात उलटी होते, त्याला समुद्रही लागणार असं धरून चाला आणि औषधाचा डोस निघण्याआधी बालरोगतज्ज्ञांकडून वजनावर लिहून घ्या. मोठ्यांची गोळी अर्धी करून देऊ नका. आतल्या बिनखिडकीच्या खोलीत दुपारी मिट्ट काळोख होतो आणि मुलं झकास झोपतात, भाडंही कमी. न्हाणीत बहुतेक ठिकाणी फक्त शॉवर असतो. शॉवरला घाबरणाऱ्या मुलासाठी हवा भरायचा छोटा टब बॅगेत टाका. घडीचा पाळणा फुकट मिळतो, पण बुकिंगच्या वेळीच सांगावा लागतो. तो उघडला की खोलीत चालायला जागा उरत नाही, हेही ऐकून ठेवा.

आपल्या लोकांची हमखास चूक म्हणजे इलेक्ट्रिक केटल. आगीच्या भीतीने केटल, इंडक्शन, छोटा राइस कुकर, इस्त्री, सर्ज प्रोटेक्टर असलेला एक्स्टेंशन बोर्ड, सगळं चढतानाच काढून घेतात आणि शेवटच्या दिवशी परत देतात. उकळतं पाणी बुफेच्या चहाच्या नळावर मिळतं. एक चांगला थर्मास आणला की काम भागतं. घरचा डबा बहुतेक कंपन्या जहाजावर घेऊ देत नाहीत, कारखान्यात सीलबंद केलेलं कोरडं चालतं. नागपूरची संत्री मात्र चुकूनही नको. अमेरिकेत ताजी फळं अडवतात, आणि फ्लोरिडा तर स्वतःच संत्र्यांच्या बागांच्या रोगाने पोळलेलं राज्य आहे. खव्याची संत्रा बर्फी आणि तूपही दुधाचे पदार्थ म्हणून अडू शकतात. काय आणलं ते फॉर्मवर खरं लिहा. लिहून अडलं तर वस्तू जाते, लपवून सापडलं तर दंड.

जेवणाची काळजी वाटते तेवढी नको. बुफेत पुष्कळदा भात आणि एखादी भारतीय भाजी असते. पहिल्याच संध्याकाळी मुख्य वेटरला गाठून रोज रात्री वरण-भातासारखं काही हवं सांगितलं, तर आदल्या दिवशी मागणी नोंदवून बरीच जहाजं करून देतात. तिखट सांगितलं तरी ते तिखट नसतं, हे आपल्या तर्रीवाल्यांनी गृहीत धरावं.

हात साबणानेच धुवा. जहाजांवर पसरणाऱ्या नोरोव्हायरसवर सॅनिटायझर फारसा चालत नाही. जहाजावरच्या डॉक्टरचं बिल डॉलरमध्ये येतं, तेव्हा क्रूझ आणि हवाई रुग्णवाहिका दोन्ही धरणारा प्रवास विमा काढा. खर्चात आणखी दोन गोष्टी लपलेल्या असतात: सेवाशुल्क माणशी दिवसाला साधारण १६ ते २० डॉलर, बहुतेक कंपन्यांत मुलालाही पूर्ण, आणि बंदराचं शुल्क. 'मूल फुकट' अशी जाहिरात असली तरी ही दोन त्यात नसतात.

चढताना मोठ्या बॅगा हमालाकडे जातात आणि खोलीत पोचायला संध्याकाळ होते. म्हणून हातातल्या पिशवीत पासपोर्ट, औषधं, एक दिवसाचे डायपर, पोहण्याचे कपडे आणि एक कोरडा जोड. सुटण्याआधी सुरक्षेची कवायत सक्तीची असते. तिथे मुलाच्या मनगटावर जमायच्या जागेचा क्रमांक असलेला पट्टा बांधतात. तो त्याने तोडला तर लगेच दुसरा मागून घ्या.

शेवटच्या रात्री उलटं होतं: बॅगा झोपण्याआधी दाराबाहेर ठेवायच्या, त्या थेट बंदरावर मिळतात. परतीचं विमान दुपारी एकच्या आधीचं नको. आणि पोराचे सकाळचे कपडे व चपला त्या बॅगेत जाऊ देऊ नका. दर फेरीला एखादं तरी कुटुंब मुलाला नाइटसूटमध्ये, अनवाणी, कडेवर घेऊन अमेरिकेच्या इमिग्रेशनच्या रांगेत उभं असतं.