लाडली बहनाचा हप्ता बंद करून घेताना

2023 च्या एप्रिलमध्ये मी मध्य प्रदेश शासनाच्या मुख्यमंत्री लाडली बहना योजनेचा, म्हणजे महिलांच्या खात्यात दरमहा ठरावीक रक्कम जमा करणाऱ्या योजनेचा, अर्ज भरला, तेव्हा माझे पती इंदूरजवळच्या पीथमपूरच्या एका कारखान्यात कंत्राटी कामगार होते. कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा कमी असावे, घरात कोणी आयकर भरत नसावे, चारचाकी नसावी, या अटींत आम्ही तेव्हा चोख बसत होतो. 10 जून 2023 रोजी एक हजाराचा पहिला हप्ता आला, विधानसभा निवडणुकीच्या तोंडावर तो साडेबाराशे झाला आणि नोव्हेंबर 2025 पासून पंधराशे. त्या पैशांतून मुलीच्या शिकवणीची फी निघत असे. हे आधीच सांगते, कारण पुढे लिहिलेल्या गोष्टींवरून या योजनेने कोणाचे भले झालेच नाही, असा अर्थ कोणी काढू नये.

पुढे पतींना कायमची नोकरी लागली, पगार अटीच्या बराच वर गेला आणि जुनी का होईना, एक मोटार दारात उभी राहिली. हप्ता मात्र ठरल्याप्रमाणे जमा होत राहिला. अर्ज भरताना उत्पन्नाचा दाखला कोणी मागितला नव्हता, स्वतःचे घोषणापत्र पुरेसे होते. आणि एकदा यादीत नाव लागल्यावर परिस्थिती बदलली का, हे आम्हाला कोणीही विचारले नाही. तेव्हा आपणच बाहेर पडावे, असे ठरवले. घरात यावर एकमत नव्हते. "घरी चालत आलेल्या लक्ष्मीला कोणी परत पाठवतं का गं?" असे जाऊबाईंनी विचारले, आणि सासूबाईंनीही मान डोलावली.

योजनेच्या संकेतस्थळावर 'लाभ परित्याग' अशी सोय आहे. ती सापडल्यावर काम पाच मिनिटांचे वाटले. पण समग्र आयडीला, म्हणजे राज्य शासनाने दिलेल्या ओळख क्रमांकाला, जोडलेला मोबाइल क्रमांक पतींच्या बंद पडलेल्या सिमचा निघाला, त्यामुळे ओटीपी येणार कुठून? आधारलाही तोच क्रमांक होता. आधी आधार केंद्रात रांग लावून, 75 रुपये भरून नवा क्रमांक नोंदवला, मग समग्रची ई-केवायसी, म्हणजे आधारवरून होणारी ओळख पडताळणी, पुन्हा केली. सरकारचे पैसे नाकारण्यासाठी पदरचे पैसे मोडावे लागतात, हे गणित मला अजून उमगलेले नाही.

एवढे करूनही संकेतस्थळावर काम पुरे होईना, म्हणून घराजवळच्या कार्यालयात गेले. तिथल्या खिडकीवर एक वही होती. येणाऱ्या बायका तिच्यात नाव, समग्र क्रमांक आणि तक्रार लिहीत होत्या. वरपासून खालपर्यंत 'पैसा नहीं आया', 'पैसा नहीं आया' असेच लिहिलेले. मी 'पैसा बंद करना है' असे लिहिले, तेव्हा बाबूंनी वही स्वतःकडे फिरवून दोनदा वाचली आणि म्हणाले, "मैडम, बंद क्यों करवा रही हो? सबका चल रहा है." माणूस वाईट नव्हता, उलट माझे नुकसान होऊ नये, अशीच त्यांची इच्छा दिसली. शेवटी त्यांनीच संगणकावर बसून ओटीपी मागवला आणि अर्ज पुढे पाठवला.

'सगळ्यांचे चालू आहे' या वाक्याची किंमत किती, याचा हिशेब मी घरी येऊन केला. 2025-26 च्या राज्य अंदाजपत्रकात या एका योजनेसाठी 18 हजार 600 कोटींहून अधिक तरतूद होती, आणि संपूर्ण अंदाजपत्रक सुमारे 4 लाख 21 हजार कोटींचे; म्हणजे शंभरातले चार रुपयांहून अधिक इथे जातात. लाभार्थी सव्वा कोटींच्या घरात आहेत. त्यांत शंभरात एकच बाई माझ्यासारखी अटीबाहेर गेलेली धरली, तरी वर्षाला 18 हजार रुपयांप्रमाणे 225 कोटी होतात. हे पैसे केवळ आयकर भरणारे देतात असेही नाही; साबणाच्या वडीवर जीएसटी देणारी आमची कामवाली मावशीही देते.

शिवाय आता नव्या करप्रणालीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर लागत नाही. तो दिलासा आम्हालाही मिळाला, तक्रार नाही. पण उत्पन्न घोषणापत्रावर आणि पडताळणी करनोंदीवर अशी व्यवस्था असेल, तर चाळणीची भोके एकदम मोठी झाली. महिन्याला साठ हजार कमावणारे घर आज आयकरदाता नसू शकते. ही गोष्ट हप्त्याची रक्कम वाढवताना कोणाच्या लक्षात आली नसेल, असे मला वाटत नाही. मतदारयादीकडे पाहून ठरवलेल्या योजनेत नाव कापण्याची घाई कोण करणार? गॅसच्या अनुदानाबाबत 2015 मध्ये केंद्राने ते सोडण्याचे जाहीर आवाहन केले होते आणि सुमारे एक कोटी ग्राहकांनी ते सोडलेही. लाडली बहनाचे कार्यक्रम मी बरेच पाहिले. 'गरज संपली असेल तर सोडा', असे एकाही व्यासपीठावरून ऐकले नाही.

अर्ज केल्यानंतरही एक हप्ता खात्यात आलाच. तो परत कसा करायचा, हे कार्यालयात विचारले असता, 'रहने दो' एवढेच उत्तर मिळाले. त्यानंतरच्या महिन्यात मात्र रक्कम आली नाही.

शेजारच्या काकूंच्या सुनेला हे कळले, तेव्हा ती कागदपत्रांची पिशवी घेऊनच आली आणि म्हणाली, "काकू, तुमच्या जागी माझं नाव लागेल ना?" तिचे लग्न मागच्या वर्षी झाले, नवरा इंदूरच्या राजवाड्याजवळच्या कपड्यांच्या दुकानात कामाला आहे आणि घरात दुचाकीसुद्धा नाही. नवी नोंदणी ऑगस्ट 2023 पासून बंद आहे. मी सोडलेली जागा कोणालाच मिळत नाही, हे मी तिला सांगितले.